मापं

गुदैबियातल्या या इमारतीच्या पाटीवरची
दोन अक्षरं खाऱ्या हवेने खाल्लीत.
तिसऱ्या मजल्यावर अकरा खिडक्या.
चार उघडतात.
दोन उघडतात, पण मग मिटत नाहीत.
एकीत एसी, आणि त्याच्या बाजूच्या फटीत
बनियनची चिंधी, तांदळाच्या गोणीचा तुकडा.
उरलेल्या चार मी अजून शोधतोय.

बलदियाची बाई मागच्या महिन्यात येऊन गेली.
एका बोटाने दार ढकललं.
बिजागरी बोलली तेवढं तिने टॅबवर टिपलं.
तिचा कागद माझ्या खिशात आहे, अरबीतला.
नातूर बीरानकोयाने त्याचं केलेलं हिंदी असं:
निजायच्या खोलीला खिडकी पाहिजे,
खिडकीला बाहेर पाहिजे,
दार आतून बिनकिल्लीचं उघडलं पाहिजे.
नाहीतर मालकाला दंड.
मेस्त्री, तुझ्याकडे गुरुवारपर्यंत वेळ.

इथे सगळे मला मेस्त्री म्हणतात.
ते माझं आडनावही आहे, हे मी सांगत बसत नाही.
बाबा चौकट उभी करताना ओळंबा सोडायचे
आणि तो थांबेपर्यंत श्वास धरायचे.
मी लेझर लावतो. लाल रेघ हलत नाही.
श्वास मात्र अजून धरला जातो.

पहिले दोन दिवस दारांचे.
सात कुलपं काढली, सात लॅच बसवले.
एका दाराला आतून कडी, बाहेरून कोयंडा,
आणि चौकटीवर पेन्सिलने कुणीतरी मांडलेला हिशेब:
दिनार, फिल्स, पुन्हा दिनार, मग खोडलेलं.
तेवढा पट्टा मी रंगवला नाही.

तिसऱ्या दिवशी खोली नंबर चार.
आठ माणसं, चार दुमजली पलंग,
समोरच्या भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत प्लाय.
ठोकून पाहिलं. पोकळ.
सयाजी वारंग खालच्या पलंगावरून म्हणाला,
"हळू रे. खिडकी निघाली की पलंग जाणार."
यल्लय्या काही बोलला नाही.
तो सगळ्यात नवा, त्याला गणित आधी कळलं.

तरी मी स्क्रू काढले. एकेचाळीस.
मोजायची गरज नव्हती.

प्लायच्या मागे काच, काचेला एका कोपऱ्यात भोक,
आणि मधल्या वीतभर जागेत
कबुतराचं जुनं घरटं, सगळं तारेचं:
सळ्या बांधायची तार, केबलचे बांध,
एक वाकलेला हँगर.
चार वर्षं मी समजत होतो
रात्री घुमतो तो एसीचा कॉम्प्रेसर.

हो, वरचा पलंग माझा.
माझी उशी इथे होती, आणि ते तिथे.

माप घेतलं: नव्वद बाय एकशे दहा.
अ‍ॅल्युमिनिअमची चौकट, सरकतं तावदान, जाळी, सिलिकॉन.
उघडून पाहिलं तर
हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत
आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा पंखा, तळलेल्या मासळीचा.
मान पुरती वाकडी केली तर वर
एक पट्टी. निळी म्हणवत नाही, शमाल सुटलाय.
कागदात "बाहेर" लिहिलंय.
किती, ते लिहिलेलं नाही.

संध्याकाळी बीरानकोयाने एक दुमजली पलंग
लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने नेला.
एक टोक त्याच्याकडे, एक यल्लय्याकडे.
खालचा यल्लय्याचाच होता.
मालकाचा निरोप आला:
आता खोली हवेशीर, भाडं माणशी पाच दिनार जास्त.

त्या रात्री आम्ही दोघं जमिनीवर निजलो.
झोप कुणालाच येईना.
भिंती-भिंतींच्या फटीतून
फार्मसीच्या पाटीचा हिरवा उजेड
थेट वारंगाच्या डोळ्यांवर.
दीड वाजता तो शिव्या घालत उठला
आणि माझ्या नव्या चौकटीला दोन खिळ्यांवर
चादर टांगली.
मी म्हटलं, खिळे नको, चौकट सोलते.
तो म्हणाला, झोप.

गुरुवारी बाई येईल.
त्याआधी काढायचं विसरू नये म्हणून
तळहातावर लिहून ठेवलंय: चादर.
त्याच्या खाली सलमाबादच्या एका खोलीचा नंबर.
तिथे दोन जागा आहेत म्हणे.
खिडकीचं विचारलं नाही.